उन्हाळा कोणी सोसावा?

आपल्या देशातील अव्वल फुटबॉल-स्पर्धा, जिला इंडियन सुपर लीग म्हणतात, ती २०१४ साली सुरू झाल्यापासून पावसाळा सरला की आरंभ व्हावी आणि उन्हाळा कडक होण्याच्या सुमारास आटोपावी, असा साधारण परिपाठ होता. २०२५ साली तो मोडला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याचा व्यापारी भागीदार ह्यांच्यातील जुना करार संपत आला, नवा होईना, आणि शरद व हेमंत हे दोन्ही ऋतू कचेऱ्यांत आणि न्यायालयांत निघून गेले. अखेर जानेवारी २०२६ मध्ये १४ फेब्रुवारी हा आरंभदिन जाहीर झाला, म्हणजे महाशिवरात्रीचा आदला दिवस. आमच्या सिकंदराबादेतील तेलुगू शेजारी म्हणतात की शिवरात्र आली म्हणजे थंडी ‘शिव शिव’ करीत निघून जाते. ती निघून जात असतानाच चेंडू मैदानात यावयाचा, असा हा मुहूर्त होता.

त्यामुळे एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आला आहे. देशांतर्गत फुटबॉलची लीग उन्हाळ्यात खेळावी की हिवाळ्यात? ह्या पृष्ठांच्या वाचकांस हा विषय थोडा परका वाटेल, हे आम्ही जाणून आहो. देवालये, कुळाचार, संतवाङ्मय आणि आपल्या दोन्ही भाषांचे साहित्य ह्यांची चर्चा जेथे व्हावयाची, तेथे चामड्याच्या चेंडूला जागा कशाला, असे कोणी विचारल्यास ते अगदीच वावगे नव्हे. परंतु ऋतूंची वाटणी हा विषय आपल्याला कधीच परका नव्हता. कोणत्या महिन्यात कोणते कर्म करावे, कोणी करावे आणि कोणास त्यातून सूट असावी, ह्याचा विचार आपल्या पंचांगांनी व देवस्थानांनी शतकानुशतके केला आहे. आम्हांस वाटते की फुटबॉलच्या हंगामाचा प्रश्नही त्याच जातीचा आहे. तो हवामानखात्याने सोडविण्यासारखा पूर्णपणे नाही.

प्रथम प्रश्नाची मांडणीच पाहावी. ‘उन्हाळा की हिवाळा’ हा वाद युरोपातून आलेला आहे. इंग्लंडात फुटबॉल लीग १८८८ साली स्थापन झाली तेव्हा उन्हाळ्याचे महिने क्रिकेटने व्यापलेले होते. फुटबॉलच्या वाट्याला शरदापासून वसंतापर्यंतचा काळ आला, आणि पुढे तोच जणू निसर्गनियम मानला गेला. जेथे थंडी असह्य, तेथे लोकांनी तो नियम मानला नाही. नॉर्वे आणि स्वीडन येथील लीग वसंतात सुरू होऊन शरदात संपते. आयर्लंडने २००३ पासून तीच वाट धरली. उलट जपानने इतकी वर्षे वसंत ते शिशिराचा आरंभ असा हंगाम पाळून २०२६ च्या उत्तरार्धापासून युरोपाच्या चालीने जाण्याचे ठरविले. प्रत्येक देशाने आपल्यापुरता हिशेब केला, आणि तो हिशेब बहुतेक ठिकाणी बर्फाचा, तिकिटांचा आणि दूरचित्रवाणीचा होता.

आपल्याकडे दोन ऋतूंचा वाद उभा राहूच शकत नाही. शाळेतले मूल तीन ऋतू मोजते, पंचांग सहा. कोकणी माणूस गीम, पावस आणि शिंयाळो म्हणतो. ह्यांतील मधला ऋतू युरोपच्या प्रश्नात नाहीच, आणि भारतातील फुटबॉलचे अर्धे आयुष्य मात्र त्याच ऋतूत गेले आहे. कलकत्त्याची लीग १८९८ पासूनची. ती पिढ्यान् पिढ्या पावसात आणि चिखलातच खेळली गेली. मोहन बागानच्या अनवाणी खेळाडूंनी गोऱ्या पलटणीला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली तो दिवस २९ जुलै १९११, भर पावसाळ्यातला. आमच्या सिकंदराबादेचा मोठा उत्सवही पावसातलाच आहे. १८१३ सालच्या पटकीच्या साथीची आठवण सांगणारे उज्जैनी महाकालीचे ‘लष्कर बोनालू’ आषाढात भरते, आणि डोक्यावर भाताची व गुळाची मडकी घेतलेल्या स्त्रिया पावसाची सर आली म्हणून मागे फिरत नाहीत. तेव्हा ऋतू प्रतिकूल आहे एवढ्यावरून एखादे कर्म थांबवावे, असा आपला संस्कार नाही, हे आधीच मान्य करून टाकू.

परंतु ऋतू प्रतिकूल असताना कोणी काय केले, हेही पाहावे. इंग्लंडात लीग स्थापन झाली त्याच १८८८ साली सर मॉर्टिमर ड्युरँड ह्यांनी सिमल्यास, ॲनंडेलच्या मैदानावर, आपल्या नावाची स्पर्धा सुरू केली. सिमल्यास का? कारण सरकार उन्हाळ्यात तेथे असे आणि पलटणीही त्या डोंगरांच्या आसपास असत. मैदानी प्रदेशात ऊन होते म्हणून राज्यकर्त्यांनी हंगाम बदलला नाही. त्यांनी स्वतःचे बिऱ्हाडच बदलले, आणि खेळ बिऱ्हाडाबरोबर वर गेला. १९४० मध्ये ड्युरँड स्पर्धा दिल्लीस आली तेव्हा मात्र तिला थंडीची वाट पाहावी लागली. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला ऋतू निवडता येतो आणि ज्याच्या हाती नाही त्याला उरलेला ऋतू मिळतो, ही गोष्ट आपल्या फुटबॉलच्या इतिहासात अशी पहिल्या पानापासून लिहिलेली आहे.

आता आमच्या गावाविषयी. सिकंदराबाद ही १८०६ साली वसलेली लष्करी छावणी. समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर, दख्खनच्या खडकाळ पठारावर. येथे डिसेंबरात दुपारचे तापमान २८ अंशांच्या आसपास असते. लंडनमध्ये ज्याला उत्तम उन्हाळा म्हणतील तो आमचा हिवाळा. मे महिन्यात पारा ४० च्या घरात जातो आणि काही दिवस त्याही वर. हवा कोरडी असते हे एक बरे. गोव्यात किंवा मुंबईत ३३ अंशांतही घाम अंगावरच राहतो आणि शरीर निवत नाही, येथे घाम वाळतो. घामाने शरीर निवते ते तो वाळल्याने, नुसता गळल्याने नव्हे, म्हणून केवळ अंशांचा आकडा पाहून खेळाची वेळ ठरविणे अपुरे आहे. परंतु कोरड्या उन्हाचा धोका वेगळा: तहान लागण्यापूर्वीच अंगातील पाणी गेलेले असते.

ह्या पठाराने देशाला कसे खेळाडू दिले हे वृद्ध वाचकांस सांगावयास नको. तरुणांसाठी थोडे सांगितले पाहिजे. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम, मुळात शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ व १९६२ ह्या दोन आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान. मेलबर्नचा उन्हाळा म्हणजे आपला मार्गशीर्ष, आणि तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा मूळचे गोव्याचे, हे आमच्या कोकणी वाचकांस आवर्जून सांगतो. त्या काळी आपल्याकडील सामने ९० मिनिटांचे नसत, ७० मिनिटांचे असत. येथील उन्हाच्या दृष्टीने ते सोयीचे होते. पण परदेशात शेवटच्या वीस मिनिटांत त्या सोयीची किंमत मोजावी लागे. पायांचेही तसेच. पावसातल्या मऊ मैदानावर अनवाणी खेळणे आपल्या मुलांना साधले होते. १९५२ साली हेलसिंकीच्या गारठ्यात युगोस्लाव्हियाकडून १०–१ असा पराभव झाल्यावर बूट सक्तीचे झाले. म्हणजे खेळाडूला ऋतूपासून केवळ वाचविणे हेही पुरेसे नाही. शरीर तयार व्हावे लागते, आणि तयारी थोड्या कष्टावाचून होत नाही. उन्हाळ्याच्या बाजूने जे म्हणतात त्यांच्या म्हणण्यात इतका अंश खरा आहे.

ह्याच गावाचे तुलसीदास बलराम. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा ह्या वस्तीत १९३६ साली, गरीब घरात जन्मलेले. सांगतात की रहीमसाहेबांनी त्यांना सरावास बोलावले तेव्हा अम्मुगुड्याहून हैदराबादेस येण्याइतके पैसे त्यांच्यापाशी नव्हते, आणि भाड्याच्या सायकलीचे पैसे गुरूनेच दिले. हा मुलगा पुढे मेलबर्न आणि रोम ह्या दोन ऑलिंपिकांत खेळला, रोममध्ये हंगेरी व पेरू ह्यांच्याविरुद्ध त्याने गोल केले, आणि १९६२ च्या सुवर्णविजेत्या संघात तो होता. कलकत्त्यास ईस्ट बेंगॉलचा तो कर्णधार झाला, आणि १९६३ मध्ये, सत्ताविशीच्या आत-बाहेर असताना, फुफ्फुसाच्या विकाराने त्याला खेळ सोडावा लागला. पावसातल्या फुटबॉलने तो विकार दिला असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. आम्ही एवढेच पाहतो की खेळाडूच्या हाती अवघी दहा-बारा वर्षे असतात आणि त्या वर्षांचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर. ते भांडवल कोणत्या महिन्यांत खर्चावयाचे हे मात्र तो ठरवीत नाही. ते ठरविणारे लोक सावलीत बसलेले असतात.

येथे आमच्या बैठकीतील काही वडीलधारी मंडळी गीतेचा दुसरा अध्याय काढतात. शीत आणि उष्ण ही येणारी-जाणारी आहेत, ती सोसावीत, असा भगवंतांचा उपदेश आहे. मग चार मुले उन्हात पळाली तर एवढा कोलाहल कशाला? ह्या आक्षेपाचा आम्ही बराच विचार केला आहे, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तितिक्षा हा मोठा गुण आहे, आणि खेळाने जे काही शिकविले जाते त्यात तो पहिला असेल. पण हा उपदेश कोणी कोणाला केला आहे? रथावर जो शेजारी बसला आहे, त्याच रणात जो उतरला आहे आणि तेच बाण ज्याच्यावर येणार आहेत, त्याने तो केला आहे. गच्चीवरून, छत्रीखालून, वातानुकूलित दालनातून केलेला तो उपदेश नव्हे. तितिक्षा हे व्रत आहे. आणि व्रत ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. एकादशी आपण स्वतः करतो. गड्याला उपाशी ठेवून ती आपल्या नावावर जमा होत नाही. दुसऱ्याकडून करवून घेतलेल्या सोशिकपणाला आपल्या शास्त्रांत तप हे नाव मिळालेले नाही.

आषाढी वारीचे उदाहरण देणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे. वारकरी पावसात चालतो, पण तो आपल्या इच्छेने चालतो. आणि पालखीला देखील दुपारचा विसावा असतो. कोणत्या गावी थांबावयाचे, कोठे न्याहारी, कोठे मुक्काम, हे परंपरेने ठरलेले असते. कष्ट आणि विसावा ही एकाच परंपरेची दोन अंगे आहेत, त्यातले एक उचलून दुसऱ्याला विसरणे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. फुटबॉललाही विसावा फार उशिरा सुचला. उष्णता आणि आर्द्रता मिळून एका ठराविक मापाच्या वर गेली, ते माप ३२ अंशांचे आहे, की खेळ थांबवून पाणी पाजावे असा आंतरराष्ट्रीय महासंघाचा दंडक आहे. विश्वचषकात तो विसावा पहिल्याने २०१४ साली ब्राझीलमध्ये, नेदरलंड्स व मेक्सिको ह्यांच्या सामन्यात दिला गेला. आमच्या पालख्या ह्या बाबतीत पुष्कळ पुढे होत्या.

वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायामाविषयी जे सांगितले आहे ते आजही वाचण्यासारखे आहे. बलवान माणसाने, स्निग्ध आहार करणाऱ्याने, थंडीत आणि वसंतात व्यायाम करावा, तोही अर्ध्या शक्तीने. इतर काळी अगदी बेताने. आणि ग्रीष्मात व्यायाम व ऊन दोन्ही वर्ज्य करावीत. ह्यातला वसंत मात्र आमच्याकडे सापडत नाही. सिकंदराबादेत चैत्र लागला की ग्रीष्मच आलेला असतो. तरीही ह्या नियमातील एक शब्द आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो, तो ‘बलवान’. ग्रंथकार सर्वांना एकच माप लावीत नाही. बालकांना, वृद्धांना आणि ज्यांचे पोट नीट नाही त्यांना तो वेगळे काढतो.

आणि देवाचे तरी आपण काय करतो? पंढरपुरास चैत्र-वैशाखात विठ्ठलमूर्तीला चंदनाची उटी लावतात, ती मृगापर्यंत. आपल्याकडील देवळांतून वसंतपूजेला कैरीची डाळ आणि पन्हे होते. थंडीत देवाच्या अंगावर शाल येते. पाषाणाला ऊन लागत नाही हे पूजा करणाऱ्याला ठाऊक असते. तो जे करतो ते स्वतःला एक वळण लावण्यासाठी: ज्याची सेवा करावयाची त्याला ह्या महिन्यात काय होत असेल, हा प्रश्न आधी विचारण्याचे वळण. ते वळण देवळाच्या पायऱ्या उतरल्यावर का सुटते, हे आम्हांस कोडे आहे. मे महिन्यात दुपारी चार वाजता आमच्या गावातील कोणत्याही उघड्या मैदानाच्या कडेने जावे. लाल माती तापलेली असते, गोलच्या खांबाला हात लावता येत नाही, आणि बारा-चौदा वर्षांची मुले तेथे स्पर्धा खेळत असतात. त्यांच्यासाठी चंदन कोणी उगाळलेले नसते. पुष्कळदा पाण्याचा माठही नसतो.

खरी गोष्ट येथेच सुरू होते. देशातील फुटबॉल उन्हाळ्यात असावा की हिवाळ्यात, असे विचारले की उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोठी लीग असते. ती लीग तर आधीच चांगल्या ऋतूत, रात्री, दिव्यांच्या प्रकाशात खेळली जात होती. तिच्या खालचे सगळे उरलेल्या दिवसांत बसविले जाते. २०२२ साली भारतीय महिला लीग भुवनेश्वरास एप्रिल-मे महिन्यांत झाली. २०२३ साली ती अहमदाबादेस झाली, पुन्हा एप्रिल-मे महिन्यांतच. अहमदाबाद हे तेच शहर, ज्याने मे २०१० च्या भयंकर उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये आपल्या देशातील पहिली उष्णता-कृती-योजना आखली. ज्या गावाने उन्हाने माणसे मरतात हे सर्वांआधी लिहून काढले, त्याच गावी देशातील उत्तम मुलींना वैशाखात धावावयास बोलावले गेले, आणि पुरुषांची मोठी लीग त्याआधी मार्चमध्ये आटोपलेली होती. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की पुढच्याच हंगामात, २०२३–२४ मध्ये, महिला लीग डिसेंबर ते मार्च अशी हलविण्यात आली. म्हणजे ते अशक्य नव्हते. कोणाच्या मनात यावयास हवे होते, इतकेच.

जगाच्या पाठीवरही हाच भेद दिसतो. कतारमधील २०२२ चा विश्वचषक उन्हाळ्यातून उचलून २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर ह्या काळात नेला गेला. त्यासाठी युरोपातील सगळ्या श्रीमंत लीगा मध्येच थांबल्या. उत्तम झाले. पण ती मैदाने ज्यांनी उभी केली त्यांचे उन्हाळे कोणी हलविले नाहीत. आमच्या तेलंगणातील करीमनगर, जगित्याल, निजामाबाद ह्या जिल्ह्यांतून आखाती देशांत मजुरीस गेलेली माणसे हजारोंनी आहेत, आणि त्या वाळवंटात भर दुपारी बांधकाम करणे म्हणजे काय हे त्यांच्या घरी माहीत आहे. कतारने दुपारच्या कामबंदीचे तास वाढविले ते २०२१ मध्ये, बहुतेक मैदाने बांधून झाल्यावर. खेळाडूच्या शरीराची काळजी जगाने घेतली ती त्या शरीराची किंमत मोठी होती म्हणून, असा संशय ह्यावरून येतो. आम्ही तो खोटा ठरावा अशी इच्छा करतो.

मग सर्वांनी हिवाळ्यातच खेळावे, असे म्हणून हा लेख संपविता आला असता. पण तसे म्हणता येत नाही, आणि अडचण गरिबाच्याच बाजूने येते. मुलाला उन्हाळ्यात सुटी असते. डिसेंबर-जानेवारीत शाळा, मग फेब्रुवारी-मार्चात परीक्षा. मैदानावर दोन तास घालविण्याची मोकळीक त्याला मिळते ती एप्रिल-मे महिन्यांत. म्हणून महापालिकेची क्रीडाशिबिरे उन्हाळ्यात भरतात. ज्या महिन्यांत शरीराने कष्ट करू नयेत, नेमक्या त्याच महिन्यांत गरीब घरच्या मुलाला वेळ आहे. गोव्यात पीक निघाल्यावर शेते मोकळी होतात आणि पोरे तेथेच गोल मांडतात. भात कापले जाईपर्यंत मैदानच नसते. आपल्या जत्रांचेही असेच आहे: गोव्यातील बहुतेक मोठ्या जत्रा पीक घरात आल्यावरच भरतात, कारण पालखी वाहणारे खांदे तोवर शेतात गुंतलेले असतात. देवाने भक्ताच्या सवडीची वाट पाहिली, असा तो संकेत आहे. तेव्हा ‘थंडीत खेळा’ असा हुकूम वरून सोडून काम भागत नाही. थंडीत त्या मुलाला सवड करून द्यावी लागेल.

शिवाय थंडीही सर्वत्र सारखी नाही. श्रीनगरला जानेवारीत बर्फ. दिल्लीला धुके आणि त्याहून वाईट हवा. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीच्या कसोटीत श्रीलंकेचे क्रिकेटपटू तोंडाला पट्ट्या बांधून उभे होते हे पुष्कळांना आठवत असेल. एवढ्या मोठ्या देशाला एकच हंगाम, हीच कल्पना आम्हांस चुकीची वाटते. पंचांग देखील प्रांताप्रांतांत वेगळे चालते.

आमचे मत आता सांगतो. ते दख्खनपुरते आहे. ज्याच्याजवळ दिवा आहे त्याने रात्र घ्यावी, आणि ज्याच्याजवळ नाही त्याला थंडीतली दुपार द्यावी. मोठ्या लीगला दिवे आहेत, वैद्य आहेत, बर्फाचे हौद आहेत, भरपूर पगार आहेत. तिने पावसाळा सरतानाचे आणि फाल्गुन-चैत्राचे महिने रात्री वापरावेत. आमच्या कोरड्या हवेत चैत्रातील रात्र नऊ वाजता सुसह्य असते. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाच्या संघांना, मुलींना आणि शाळांना मोकळे ठेवावेत: तेवढे पंच, तेवढे वैद्य, तेवढी मैदाने त्यांच्यासाठी राखून. मोठी लीग लहानांचे मैदान सहसा बळकावीत नाही, हे खरे. ती बळकावते त्यांचे महिने. राष्ट्रीय वेळापत्रक आखताना तिचे नाव आधी लिहिले जाते आणि बाकीच्यांची नावे उरलेल्या रकान्यांत.

ह्याने प्रेक्षक रोडावतील, असे म्हणणारे म्हणतील. आमच्या शहराचा अनुभव पाहा. हैदराबाद एफ.सी. हा संघ २०१९ मध्ये निघाला आणि २० मार्च २०२२ रोजी विजेता ठरला. तो सामना साथीच्या निर्बंधांमुळे गोव्यात, फातोर्ड्यास, रात्री झाला. बरोबरीचा गोल साहिल ताव्होराचा, ८८ व्या मिनिटाला. नंतर तीन पेनल्टी अडविणारा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी. दोघेही गोव्याचे. हैदराबादचा विजय गोव्याच्या मुलांनी गोव्याच्या मार्च महिन्यात मिळविला, तेव्हा उष्म्यात रात्री चांगला फुटबॉल होऊ शकतो हे सिद्धच आहे. हा संघ तीन वर्षांत दिल्लीस गेला व नावही बदलून बसला. तो गेला पैशाअभावी; उन्हाने कोणी त्याला घालविले नाही. उलट संतोष चषकाची अंतिम फेरी डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या शहरात भरली, आणि ३१ डिसेंबरला गच्चीबावलीच्या मैदानावर बंगालने केरळला १–० असे हरविले. राज्याराज्यांतील होतकरू मुलांना उत्तम ऋतू मिळाला असा तो एक दुर्मिळ प्रसंग होता. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी तीच स्पर्धा साथीमुळे लांबून मलप्पुरमला एप्रिल-मे महिन्यांत झाली होती.

शेवटचा अडथळा घरचाच आहे. थंडीत आमच्या जिमखाना मैदानावर क्रिकेट असते, आणि क्रिकेटला कोणी उठवू शकेल असे आम्हांस वाटत नाही. परेड ग्राउंडवर संक्रांतीला पतंगांचा उत्सव भरतो. तो काही दिवसांचा. त्या पतंगांचे दोर गुंडाळले गेल्यापासून शिवरात्रीपर्यंत महिना-दीड महिना उरतो. त्या दिवसांत दुपारी तीन ते सहा ह्या वेळेत, आठवड्यातून चार दिवस, परेड ग्राउंडचा एक कोपरा शाळांच्या आणि मुलींच्या संघांना द्यावा, शाळांनी त्या दिवशी शेवटचे दोन तास सोडावेत, आणि मैदानाच्या कडेला दोन माठ भरून ठेवावेत, असे निवेदन आम्ही काही मंडळी मिळून तयार करीत आहो. माठांची व्यवस्था आमच्याकडे आहे.